जीएनएमवर नोकरी लागते का? माझा अनुभव

बारावी कला शाखेतून झालेल्या मुलीला बी.एस्सी. नर्सिंगचा अर्जच करता येत नाही. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी या पदविकेला, कोणतीही शाखा चालते. इंग्रजी विषय आणि एकूण ४० टक्के असले की मुलगी पात्र. बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावाजवळच्या ज्युनिअर कॉलेजात विज्ञान शाखाच नव्हती. रोज एसटीने बार्शीला जाऊन-येऊन शिकायला घरचे तयार नव्हते. म्हणून मी कला शाखा घेतली, आणि बारावीनंतर २०१३ साली सोलापुरात जीएनएमला प्रवेश घेतला.

आज मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आहे, तीही जीएनएमवर. दर वर्षी बारावीचा निकाल लागला की नात्यातल्या, ओळखीतल्या मुलींचे फोन सुरू होतात. "ताई, डिग्रीशिवाय नोकरी लागते का? की जीएनएम करून घरीच बसावं लागतं?" फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही. शिवाय अर्धवट ऐकून कोणी चार वर्षांची फी कर्ज काढून भरते, तर कोणी नर्सिंगचा नादच सोडून देते. म्हणून माझ्या बाबतीत काय काय घडलं ते इथे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचा. जीएनएम आता तीन वर्षांचा, आमच्या वेळी साडेतीन वर्षांचा होता. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. जीएनएम झालेल्यांना पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, आणि त्याला बारावीची शाखा आड येत नाही. एएनएमचं नोंदणीपुस्तक वेगळं असतं. पण जीएनएम आणि बी.एस्सी. या दोघींचीही महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते ती एकाच नावाने: नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत प्रसविका. आम्ही त्याला आरएनआरएम म्हणतो. पेशंटच्या शिरेत सुई घालण्याचा, औषध देण्याचा, बाळंतपण करण्याचा हक्क या नोंदणीने मिळतो, आणि त्यात पदविका-पदवी असा भेद नाही. हे मला शिकत असताना कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना वाटायचं की जीएनएम म्हणजे अर्धी नर्स.

आमचं कॉलेज खाजगी होतं. वर्गातलं शिकवणं जेमतेम, पण प्रॅक्टिकलला सिव्हिलला पाठवायचे आणि तिथे आमचे हात तयार झाले. मेडिसिन वॉर्डात एकेका सिस्टरकडे इतके पेशंट असायचे, की विद्यार्थिनी म्हणून नुसतं बघत उभं राहायची सोयच नव्हती. "ए पोरी, इकडे ये, सलाईन बदल, मग तिकडे नाकातल्या नळीतून फीड दे." असं करत करत शिकलो. प्रसूती कक्षात केसबुक घेऊन रात्र-रात्र थांबायचो, कारण ठरलेल्या संख्येइतकी बाळंतपणं स्वतःच्या हाताने केल्याची नोंद आणि त्यावर सिस्टरची सही लागते. तिथल्या एक जुन्या सिस्टर सही देण्याआधी नेहमी विचारायच्या, "वार पूर्ण आली का बघितलीस? उलटी करून दाखव." वार हातात घेऊन, तिचा प्रत्येक भाग जुळतो आहे, कुठे तुकडा आत राहिलेला नाही, हे दाखवल्याशिवाय पेन उचलायच्या नाहीत. वारेचा तुकडा आत राहिला तर बाई रक्तस्रावाने जाते. माझ्या केसबुकातली प्रत्येक सही अशी मिळालेली आहे, आणि ती मला कुठल्याही गुणपत्रिकेपेक्षा मोलाची वाटते.

परीक्षा झाली, निकाल लागला, आणि मग कॉलेजने मूळ कागदपत्रं अडवली. शिष्यवृत्तीची रक्कम जमा झाली नव्हती. ती आधी भरा, मग गुणपत्रिका न्या, असं कार्यालयातून सांगण्यात आलं. मूळ कागद नाहीत म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून नोकरी नाही. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं तेव्हा कागद हातात आले. हे आजही अनेक ठिकाणी चालतं, आणि मला त्याचा मनापासून संताप येतो. विद्यार्थिनीची दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायचा कोणत्याही कॉलेजला काय अधिकार? प्रवेश घेताना पालकांनी हे स्पष्ट विचारावं, आणि जे कागद द्याल त्याची पोच सही-शिक्क्यासह घ्यावी.

नोंदणी झाल्यावर सोलापुरातल्याच एका ट्रस्टच्या रुग्णालयात लागले. शंभरच्या वर खाटा, सगळे विभाग. मुलाखत म्हणावी असं काही झालंच नाही. मेट्रन मॅडमनी नोंदणी प्रमाणपत्र पाहिलं, "नाईट चालेल ना?" विचारलं आणि दुसऱ्या दिवशी या म्हणाल्या. पगार नऊ हजार. डिग्री आहे का हे कोणी विचारलं नाही, आणि डिग्री असती तरी नऊच हजार मिळाले असते, कारण माझ्यासोबत लागलेल्या बी.एस्सी. झालेल्या मुलीलाही तेवढेच होते. छोट्या-मध्यम खाजगी रुग्णालयांत हीच स्थिती आहे. नर्स हवी असते, स्वस्तात हवी असते, तिच्या शिक्षणाशी त्यांना देणंघेणं नसतं.

या नऊ हजारांबद्दल थोडं लिहायलाच हवं. खाजगी रुग्णालयांतल्या नर्सेसच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितलं. समितीने शिफारस केली की ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सचा पगार महिना २०,००० रुपयांच्या खाली नसावा. ५० ते १०० खाटांच्या रुग्णालयात तो राज्य सरकारी नर्सच्या पगारापेक्षा फार तर २५ टक्के कमी असावा, १०० ते २०० खाटा असतील तर फार तर १० टक्के कमी, आणि त्याहून मोठ्या रुग्णालयात सरकारी नर्सइतकाच. त्या हिशेबाने पाहिलं तर आमचा पगार त्या वेळच्या सरकारी नर्सच्या पगाराचा तिसरा हिस्साही नव्हता. शिफारस कागदावर राहिली. "डिग्री नाही म्हणून पगार कमी" असं जेव्हा मुलींना सांगितलं जातं, तेव्हा त्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. पगार कमी असण्याचं कारण बहुतेक वेळा डिग्रीचं नसतं.

माझी खोलीतली मैत्रीण मात्र तिच्या गावाजवळच्या एका वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये लागली. घरून जाऊन-येऊन करता येत होतं, डॉक्टर माणूस म्हणून चांगले होते, तिथे ती ओटी, डिलिव्हरी, ओपीडी सगळं सांभाळायची. कामाला माझ्यापेक्षा काकणभर सरसच. तिच्या या नोकरीचा विषय पुढे येणार आहे.

दीड-दोन वर्षांनी मी पुण्याला एका मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयात मुलाखतीला गेले. तिथे पहिल्यांदा डिग्रीचा प्रश्न समोर आला. एचआरमधल्या मुलीने अर्जावर नजर टाकून आधी तेच विचारलं. जीएनएम असेल तर अनुभव हवा, बी.एस्सी. असेल तर फ्रेशरलाही घेतो, असं त्यांचं धोरण होतं. माझा अनुभव होता म्हणून मला पुढे पाठवलं. लेखी चाचणी झाली आणि मग नर्सिंग सुपरिंटेंडेंट मॅडमसमोर बसवलं.

मॅडमनी फाईल बाजूला ठेवली. "५०० मिली आरएलचं सलाईन आठ तासांत द्यायचं आहे. सेट एका मिलीला २० थेंबांचा. मिनिटाला किती थेंब?"

मी म्हणाले, "२१ मॅडम."

"कसे?"

"५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं."

"बरं. पेशंटचं पोटॅशियम २.८ आलंय. डॉक्टरांनी केसीएल, पोटॅशियमचं इंजेक्शन, लिहिलंय. तू काय करशील?"

"आधी पेशंटला लघवी होतेय का बघेन, किती होतेय ते चार्टवर बघेन. मग सलाईनमध्ये पातळ करून, मॉनिटर लावून, हळूहळू सोडेन. सरळ बोलस, म्हणजे एकदम शिरेत, कधीच देणार नाही."

मॅडमनी मान वर केली. "लघवीचं कुणी शिकवलं?"

सिव्हिलच्या मेडिसिन वॉर्डातल्या सिस्टरनी, असं मी सांगितलं. किडनी काम करत नसेल तर दिलेलं पोटॅशियम शरीरातून बाहेर पडणार नाही आणि हृदय बंद पडेल, हे त्यांनी एकदा एका पेशंटच्या खाटेपाशी उभं करून समजावलं होतं. मॅडम म्हणाल्या, "आज सकाळपासून किती जणी येऊन गेल्या, बहुतेक सगळ्यांनी पातळ करून देईन एवढंच सांगितलं." मग त्यांनी विचारलं, बी.एस्सी. का केलं नाही? मी बारावी आर्ट्सचं सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग पोस्ट बेसिक कर. आयसीयूत घेते तुला, पण पोस्ट बेसिक कर." दुसऱ्याच दिवशी निवड झाल्याचा फोन आला.

त्या आयसीयूत माझ्यासोबत चार वर्षांची डिग्री केलेल्या बऱ्याच मुली होत्या, त्यातल्या अनेक केरळच्या. काम दोघींना सारखंच, खाटा सारख्याच, रात्रपाळ्या सारख्याच. पगारात महिन्याला दीड-एक हजारांचा फरक. पण टीम लीडर नेमायची वेळ आली की डिग्रीवाल्यांची नावं आधी निघायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्याकडून मी शिकलेही खूप. एबीजीचा, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा, रिपोर्ट आला की मी आकडे वाचून डॉक्टरांना कळवायची. माझ्यासोबतची एक मुलगी मात्र पीएच आणि बायकार्बोनेट बघून, पेशंट श्वास जोरात का घेतोय ते सांगायची. तिला बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजी नीट शिकवलं होतं. जीएनएमला ते वरवर होतं. उगाच "डिग्रीत काय ठेवलंय" असं मी कधीच म्हणणार नाही. त्या मुलीकडून शिकून मी एबीजी वाचायला लागले तेव्हा माझा पेशंटकडे बघण्याचा डोळाच बदलला. शिकलेलं पेशंटच्या उपयोगी पडतं, आणि म्हणूनच मला पोस्ट बेसिक करायचं आहे.

मग कोविड आला. त्या काळात भरतीला येणाऱ्या सिस्टरना एकच विचारलं जायचं, व्हेंटिलेटर हाताळता येतो का. त्या दोन वर्षांबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही.

२०२० मध्ये एम्सने नॉरसेट ही नर्सिंग ऑफिसरची सामायिक परीक्षा पहिल्यांदा घेतली. नागपूरलाही एम्स असल्यामुळे आमच्यातल्या खूप जणींनी अर्ज करायचं ठरवलं. वेतन स्तर सातवा, म्हणजे मूळ पगारच ४४,९०० पासून. इथे पदवीचा फरक नियमातच लिहिलेला आहे. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक असेल तर नोंदणी झाली की लगेच पात्र. जीएनएम असेल तर पदविकेनंतर किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव हवा.

५० खाटा! माझ्या मैत्रिणीने वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये तोवर इतकी वर्षं काढली होती, आणि त्यातला एक दिवसही धरला जाणार नव्हता. तिने किती बाळंतपणं केली, किती रात्री एकटीने वॉर्ड सांभाळला, याला त्या रकान्यात जागाच नव्हती. फोनवर ती किती तरी वेळ काही बोललीच नाही. मला आजही वाटतं की हा नियम लहान गावांतल्या मुलींवर अन्याय करतो. छोट्या रुग्णालयात नर्सला सगळंच करावं लागतं, तिला कमी येत असेल असं समजायला काहीही आधार नाही. पण नियम आहे तो आहे, आणि तो आधी माहीत असणं महत्त्वाचं. जीएनएम करणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हे पहिल्याच फोनमध्ये सांगते: पगार हजार-दोन हजारांनी कमी असला तरी चालेल, पहिली नोकरी ५० च्या वर खाटा असलेल्या ठिकाणी धर.

आणि अनुभवाचा दाखला हातात असल्याशिवाय नोकरी सोडू नये. माझ्या सोलापूरच्या रुग्णालयाने आधी नुसतंच "अमुक यांनी येथे काम केले" असं पत्र दिलं होतं. त्यात पदनाम नव्हतं, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख नव्हती, खाटांची संख्या नव्हती. ते पुन्हा लिहून घ्यायला मी पुण्याहून गेले. रुग्णालयाची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा, १९४९ खाली होते, आणि त्या नोंदणी प्रमाणपत्रावर खाटा किती ते छापलेलं असतं. त्या प्रमाणपत्राची झेरॉक्स मी मागून घेतली. तिथल्या मेट्रन मॅडमनी लगेच दिली. शक्य असेल तर पगार बँकेतच जमा करून घ्यावा. रोखीने पगार घेतलेल्या मुलींना आपण तिथे खरंच होतो हे सिद्ध करणं फार जड जातं.

नॉरसेट मला निघालं नाही. चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात आणि देशभरातून मुलं-मुली बसतात. प्रश्न बहुतेक वॉर्डातलेच होते, पण ते इंग्रजीतून, झपाट्याने वाचून सोडवायची सवय माझी नव्हती. माझ्यासोबतच्या डिग्रीवाल्या दोघींपैकी एकीचं झालं, एकीचं नाही.

२०२३ मध्ये राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाची भरती निघाली. खूप वर्षांनी एवढी मोठी जाहिरात आली होती. अधिपरिचारिका पदासाठी जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग, दोन्ही चालत होतं, आणि परिषदेकडची नोंदणी हवी. अनुभवाची अट जीएनएमला वेगळी नव्हती. संगणकावरची परीक्षा होती: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी आणि नर्सिंगचा विषय. एकच प्रश्नपत्रिका, एकच गुणवत्ता यादी. ज्या मुलींना मी डिग्रीमुळे आपल्यापेक्षा पुढे समजत होते त्यांच्यातल्या काही मराठी व्याकरणात अडकल्या. समास, प्रयोग, वाक्प्रचार यांचे गुणही एकूण गुणांत धरले जातात, आणि कला शाखेचं माझं मराठी तिथे कामी आलं. ड्यूटीवरून आल्यावर खोलीत पंखा लावून जमिनीवर बसायचे आणि सराव प्रश्नपत्रिका सोडवायचे. झोप यायची. तरी सोडवायचे.

निवड यादीत नाव आलं. त्यानंतरचा टप्पा परीक्षेपेक्षा कठीण आहे हे कोणी सांगत नाही. कागदपत्र पडताळणीला जीएनएमच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, नोंदणी प्रमाणपत्र, त्याचं नूतनीकरण, अधिवास, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, आणि लग्न झालेल्या मुलींचा नावबदलाचा राजपत्रातला पुरावा लागतो. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे तास भरलेले असावे लागतात. कार्यशाळा, परिषदा यांची प्रमाणपत्रं एका फाईलमध्ये ठेवायची सवय मला पुण्याच्या रुग्णालयात लागली होती, म्हणून माझं काम तिथल्या तिथे झालं. माझ्या पुढच्या टेबलवर एक मुलगी रडत होती. तिच्या नोंदणीची मुदत संपून काही महिने झाले होते. तिची डिग्री होती, गुणही चांगले होते. पुढे तिने मुदत मागून घेतली आणि नूतनीकरण करून आणलं, हे नंतर कळलं तेव्हा बरं वाटलं.

वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी होऊन मराठवाड्यातल्या एका रुग्णालयात रुजू झाले. वेतनश्रेणी एस-१३, मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू. आमच्या तुकडीत जीएनएम होत्या, बी.एस्सी. होत्या, पोस्ट बेसिक केलेल्या होत्या आणि एक एम.एस्सी. नर्सिंग झालेलीही होती. सगळ्यांचं पद एक, पगार एक, गणवेश एक. एम.एस्सी. झालेली ती मुलगी आणि मी पहिल्या आठवड्यात एकाच सर्जरी वॉर्डात होतो, आणि आम्हा दोघींनाही इन्चार्ज सिस्टरनी इंजेक्शन ट्रॉलीवर लावलं होतं.

तर नोकरी लागण्यासाठी डिग्री लागते का याचं माझ्या अनुभवातून आलेलं उत्तर हे असं आहे. राज्य सरकारी रुग्णालयात लागत नाही. रेल्वेच्या भरतीतही जीएनएम चालतं. एम्सला चालतं, पण ५० खाटांच्या अटीसह. कॉर्पोरेट रुग्णालयात अनुभव असेल तर चालतं. सैन्याच्या परिचर्या सेवेत मात्र अजिबात चालत नाही, तिथे अधिकारी म्हणून नेमणूक होते आणि त्यासाठी पदवीच हवी. परदेशाचं म्हणाल तर माझ्या वर्गातली एक जीएनएमवरच इंग्लंडला गेली. तिला इंग्रजीची परीक्षा, संगणकावरची चाचणी आणि तिथे गेल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागली, पदवी मागितली नाही. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात आणि बदलत राहतात, त्यामुळे एजंटच्या शब्दावर न जाता त्या देशाच्या परिचर्या परिषदेचे नियम स्वतः वाचावेत.

पदवीचा अडसर खरा येतो तो नोकरी लागल्यानंतर. आमच्याकडे अधिपरिचारिकेची पुढे परिसेविका होते, मग सहायक अधिसेविका, मग अधिसेविका (मेट्रन). ही वाट सेवाज्येष्ठतेची, फार सावकाश पुढे सरकणारी. नर्सिंग स्कूलमध्ये शिकवायचं असेल, म्हणजे पाठ्यनिर्देशिका व्हायचं असेल, तर पदवीशिवाय दार उघडत नाही. मला तिथेच जायचं आहे. वारेचा प्रत्येक भाग तपासून दाखवल्याशिवाय सही न देणाऱ्या सिस्टरसारखं मला शिकवायचं आहे. खाटेपाशी उभं करून शिकवणारी माणसं वर्गात फार कमी आहेत, आणि वर्गात शिकवणाऱ्या अनेकींनी वॉर्डात पुरेशी वर्षं काढलेली नसतात. हे अंतर ज्यांना मिटवता येईल अशा हजारो अनुभवी जीएनएम सिस्टर राज्यात आहेत, पण सरकारी कॉलेजांत पोस्ट बेसिकच्या जागा मोजक्या आणि खाजगीची फी परवडत नाही. सरकारने नर्सिंगच्या नव्या कॉलेजांच्या घोषणा करताना या जागा आधी वाढवाव्यात असं मला अगदी मनापासून वाटतं.

दर एक-दोन वर्षांनी "जीएनएम बंद होणार" अशी हवा उठते. टप्प्याटप्प्याने तो बंद करायचा विचार मध्यंतरी खरोखरच झाला होता, पण अभ्यासक्रम आजही चालू आहे आणि नोंदण्याही होत आहेत. ज्यांची नोंदणी झाली आहे त्यांची ती कोणी काढून घेत नाही. बारावीला विज्ञान असेल, सीईटीत बरे गुण असतील आणि सरकारी किंवा परवडणाऱ्या कॉलेजात जागा मिळत असेल, तर मी सरळ बी.एस्सी. कर असंच सांगते. चार वर्षांनी तिला माझ्यासारखं परत फिरून यावं लागणार नाही. पण कला शाखेच्या मुलीला, किंवा जिच्या घरी लाखा-लाखाची फी भरण्याची ऐपत नाही तिला, डिग्री नाही म्हणून नर्सिंगला येऊ नकोस असं सांगणं चुकीचं आहे. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची आणि राज्य परिषदेची मान्यता आहे का ते बघ, मुलींना प्रॅक्टिकलला कुठल्या रुग्णालयात पाठवतात ते तिथल्याच मुलींना गाठून विचार, आणि मग प्रवेश घे.

माझ्या मैत्रिणीने पुढे शंभर खाटांच्या रुग्णालयात नोकरी धरली. तिथली दोन वर्षं पूर्ण झाली आहेत, खाटांच्या संख्येसह दाखलाही घेतला आहे, आणि यंदा ती नॉरसेटचा अर्ज भरते आहे. वयाची ३० ची मर्यादा तिला ओबीसी म्हणून तीन वर्षं सैल मिळते, त्यामुळे तिच्याकडे ही संधी आहे. मी तिला माझ्या जुन्या सराव प्रश्नपत्रिका पाठवल्या आहेत. माझा पोस्ट बेसिकचा अर्ज खात्यामार्फत पुढे गेला आहे.